मुखपृष्ठ कुणाचे?

संतकाव्याचा पेपर शिकवायला लागून मला आता अठरा वर्षे झाली. चोखोबांचा उसाचा अभंग आला, की मी दरवर्षी विद्यार्थ्यांना बजावतो, वरच्या रंगाला भुलू नका, आतला रस पाहा. हे मी इतक्या कळकळीने सांगतो, की पुढच्या बाकांवरच्या मुली ते वहीत उतरवून घेऊन खाली दोन रेघा मारतात. तास संपतो. मी स्टाफरूममध्ये येतो, चहा मागवतो, पिशवीतून एखादे जुने इंग्रजी पुस्तक काढतो आणि ते न उघडता त्याचे मुखपृष्ठ पाहत बसतो.

म्हणजे मी वर्गात सांगतो एक आणि बाहेर करतो दुसरेच. प्राध्यापकांच्या बाबतीत ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण या नादापायी मला एकदा फार लाजायची पाळी आली, आणि तीही साता समुद्रांपलीकडे, चौदा वर्षांच्या भाच्यासमोर. ती हकीकत सांगावी की सांगू नये, या विचारात एक दिवाळी निघून गेली. या दिवाळीत सांगून टाकतो.

नादाची सुरुवात घरातच झाली. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्या लाकडी पेटीत जुने दिवाळी अंक जपून ठेवलेले असत. माझा जन्म होण्यापूर्वीच दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही हे जग सोडून गेले होते, पण त्या पेटीत ते नांदत होते. मला नीट वाचता येण्याआधी त्या दोघांच्या सह्या ओळखता येत. पाहुणे आले, की वडील अंकावरची सही झाकून विचारायचे, 'सांग बघू, कुणाचं चित्र?' मी बरोबर सांगितले, की पाहुणे पाठीवर थाप मारीत. पेटीत इतरही अंक होते आणि त्यांवरही चित्रे होती. ती कुणाची, हे ना वडिलांनी कधी सांगितले, ना मी विचारले. दोन नावे पाठ झाली आणि आपल्याला चित्रकार कळतात, असा माझा कायमचा समज होऊन बसला.

पुढे एम. ए.साठी मुंबईला आलो. वर्ग कालिन्याला आणि शनिवारची दुपार फाउंटनच्या फुटपाथवर, असा २००१ सालचा माझा अभ्यासक्रम होता. तिथे जुन्या पुस्तकांच्या राशी मांडलेल्या असत. विक्रेता पुस्तकाकडे पाहून किंमत ठरवी आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून ती वाढवी. त्या राशीत एकदा एक पुस्तक दिसले. मुखपृष्ठावर पाय फुटलेली एक पेटी आणि तिच्याभोवती चित्रविचित्र प्राण्यांची अशी काही चेंगराचेंगरी, की तिच्यापुढे दादर स्टेशनचा पूल बरा. त्या गर्दीत एका माणसाला चार डोळे होते. चष्मा नव्हे, चांगले टकमक पाहणारे खरेखुरे चार डोळे. वीस रुपये मोजून मी ते पुस्तक घेतले. आत काय आहे, हे पाहिलेदेखील नाही.

ते टेरी प्रॅचेट यांचे 'द कलर ऑफ मॅजिक' होते. वसतिगृहात रात्रभर जागून वाचले. इंग्रजी निम्मेच कळले, पण चार डोळ्यांचा माणूस काही केल्या सापडेना. पहाटे उलगडा झाला. लेखकाने एका चष्मेवाल्या प्रवाशाला गमतीने 'चार डोळ्यांचा' म्हटले होते, आणि चित्रकाराने ते अक्षरशः खरे मानून चित्र काढले होते! लक्षणा लेखकाची आणि अभिधा चित्रकाराची. साहित्यशास्त्रात लक्षणा समजावताना 'गंगेवर गवळीवाडा' हे उदाहरण शतकानुशतके चालत आले आहे. मीही ते देतो, पण त्याच्या जोडीला हे पुस्तक वर्गात नेतो. मुले गवळीवाडा विसरतात, चार डोळे विसरत नाहीत.

अशी चूक करणारा हा कोण, म्हणून मी पुस्तक उलटसुलट केले. मागल्या बाजूला बारीक अक्षरांत नाव होते, जॉश कर्बी. १९२८ साली जन्मलेला इंग्रज. पुढच्या शनिवारी मी त्याच राशीत लेखकाचे नाव शोधण्याऐवजी या नावाची चित्रे शोधू लागलो. इंग्रजी अद्भुतकथांच्या चित्रकारांशी माझी ओळख झाली ती अशी, एका चुकीच्या दारातून.

एवढी चूक होऊनही प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांचे काम कर्बीकडून गेले नाही. २००१ साली मरण येईपर्यंत तो त्यांची मुखपृष्ठे काढत राहिला. म्हणजे मी फुटपाथवर त्याचे चित्र हातात धरून उभा होतो, ते त्याचे शेवटचे वर्ष होते, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. पुढल्या वर्षी 'नाइट वॉच' नावाची कादंबरी आली. मुखपृष्ठ नव्या चित्रकाराचे, पॉल किडबीचे. त्याने रेम्ब्रांच्या त्याच नावाच्या १६४२ सालच्या प्रसिद्ध चित्राची हुबेहूब गमतीदार नक्कल केली होती. मूळ चित्रात गर्दीच्या मागून रेम्ब्रां स्वतः डोकावतो आहे, असे जाणकार मानतात. किडबीने त्या जागी कर्बीचा चेहरा काढला. गादीवर आलेल्याने आधीच्याची आठवण इतक्या अदबीने ठेवल्याचे मी साहित्यात फारसे पाहिलेले नाही. विद्यापीठांच्या विभागांत तर नाहीच नाही.

कर्बीमागून फ्रँक फ्रॅझेटा आला. तोही १९२८ सालचाच, पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. कॉनन नावाच्या रानटी योद्ध्याच्या कथा लिहिणारा रॉबर्ट हॉवर्ड १९३६ सालीच गेला होता. त्या कथांची स्वस्त पुस्तके १९६६ पासून निघू लागली आणि त्यांवर फ्रॅझेटाने चित्रे काढली. अंधारातून पिळदार अंगाचा एक पुरुष तलवार रोवून उभा आहे, बस्स. मेलेला लेखक तीस वर्षांनी पुन्हा बाजारात उभा राहिला, तो या चित्रकाराच्या खांद्यावर हात ठेवून. याच फ्रॅझेटाने १९६९ साली एका भयकथांच्या मासिकासाठी काढलेले 'इजिप्शियन क्वीन' हे चित्र २०१९ साली लिलावात ५४ लाख डॉलरांना गेले. ही किंमत मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. सौभाग्यवती म्हणाल्या, 'अहो, तुम्ही पुस्तकं वाचता की नुसती बघता?'

त्यावर माझे उत्तर ठरलेले असे, 'संशोधन चालू आहे.' ते अगदीच खोटे नव्हते. मराठी कादंबरीचा आरंभच मुळी अद्भुताच्या अंगणात झाला. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. समीक्षकांनी या कादंबऱ्यांना पुढे नाके मुरडली, पण माझा त्यांच्यावर जीव. त्यांच्यावर मी नऊ लेख लिहिले आणि २०१७ साली त्यांचे एक लहानसे पुस्तक निघाले. प्रती पाचशे. त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मेरिलँड राज्यात असते. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. पहिले आठ दिवस मी धबधबे, पूल आणि दुकाने पाहिली. नवव्या दिवशी भाचा म्हणाला, 'मामा, शनिवारी माझ्याबरोबर बाल्टिमोरला चल. तुला आवडेल असं एक संमेलन आहे.'

संमेलन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मांडव, ग्रंथदिंडी आणि स्वागताध्यक्ष उभे राहिले. मी ठेवणीतला झब्बा आणि जाकीट घातले. बंदराजवळच्या एका मोठ्या हॉटेलात ते भरले होते. नाव बाल्टिकॉन. तिथल्या विज्ञानकथाप्रेमी मंडळींची संस्था १९६७ पासून ते भरवते. मे अखेरीस त्यांच्याकडे सोमवारी जोडून सुट्टी येते, तेवढे दिवस. आत शिरलो, तर ना व्यासपीठ, ना हार, ना समई. उद्वाहनातून एक ड्रॅगन उतरला, त्याच्यामागून दोन चेटकिणी आणि बाबागाडीत तान्हा अंतराळवीर. मी भांबावून उभा होतो. तेवढ्यात एक वयस्क बाई माझ्या झब्ब्याकडे कौतुकाने पाहत जवळ आल्या आणि म्हणाल्या, 'फार सुरेख पोशाख! आपण कोणत्या कादंबरीतले पात्र?'

मी म्हणालो, 'बाई, मी मराठी विभागातला.'

त्यांना ती कादंबरी ठाऊक नसावी, पण त्या मनापासून हसल्या.

भाच्याने मला एका दालनाशी नेले. दारावर पाटी होती, चित्रप्रदर्शन. मोबाइल खिशात ठेवायला सांगितला, कारण आत फोटो काढायला बंदी. आतमध्ये फळ्यांच्या गल्ल्या उभ्या केल्या होत्या आणि फळ्याफळ्याला चित्रे टांगलेली. जी चित्रे मी वीस वर्षे तळहाताएवढी पाहत आलो, त्या जातीची चित्रे इथे रंगांच्या थरांसकट, ब्रशच्या फटकाऱ्यांसकट समोर होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शीर्षकाखाली जे झाकले जाते, तेही दिसत होते. एका चित्रात वरचे सगळे आकाश मोकळे सोडले होते. मला वाटले, केवढा हा संयम! भाचा म्हणाला, 'मामा, तिथं टायटल येतं.' माझी रसिकता जमिनीवर आली.

प्रत्येक चित्राखाली एक कागद होता. त्यावर चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, माध्यम आणि कमीत कमी किंमत. ज्याला चित्र हवे त्याने खाली आपला आकडा लिहायचा. दुसऱ्याला हवे असेल तर त्याने वरचढ आकडा लिहायचा. आकडे वाढत गेले, की चित्र तोंडी लिलावात जाते. मी दोन तास हिंडलो आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लोक चित्र पाहत आणि लगेच मान खाली घालून नाव वाचत. चित्र, नाव. चित्र, नाव. देवळात नमस्कार केल्यावर आपण नकळत घंटेकडे हात नेतो, तशी ती सवय होती.

माझा भाचा तर या नावांचा चालता-बोलता कोश निघाला. आपल्याकडची मुले फलंदाजांच्या धावा सांगतात, तसे तो सांगू लागला. त्याचा लाडका लेखक ब्रँडन सँडरसन. हा लहानपणी पुस्तकांना कंटाळलेला मुलगा होता. शाळेतल्या एका बाईंनी त्याला 'ड्रॅगन्सबेन' नावाची कादंबरी दिली. तिच्या मुखपृष्ठावरचे चित्र मायकेल व्हेलनचे. ती आवडली, तेव्हा त्याने मायकेल व्हेलनची मुखपृष्ठे असलेली आणखी पुस्तके शोधून वाचायला सुरुवात केली. मुलगा मोठा होऊन लेखक झाला, आणि २०१० साली त्याची 'द वे ऑफ किंग्ज' ही प्रचंड कादंबरी आली, तेव्हा तिचे मुखपृष्ठ काढले मायकेल व्हेलनने. आदल्याच वर्षी व्हेलनला विज्ञानकथेच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये घेतले होते. जिवंतपणी हा मान मिळवणारा तो पहिला चित्रकार.

ही गोष्ट ऐकून माझ्या मनाला फार बरे वाटले. एक तर फाउंटनवर मी जे केले ते वेडेपणाचे नव्हते, याला साक्षीदार मिळाला. आणि दुसरे म्हणजे गोष्टीत एक बाई होत्या, ज्यांनी ढ मुलाच्या हातात नेमके पुस्तक ठेवले. आम्हा मास्तरांना अशा गोष्टी लागतात, त्यांवर आमची वर्षे निभतात.

दालनाच्या टोकाला काही चित्रकार स्वतः टेबले मांडून बसले होते. पांढऱ्या केसांच्या एका बाईंपाशी मी थांबलो. त्या आपल्या चित्रांच्या छापील प्रती विकत होत्या. मी माझ्या इंग्रजीत त्यांना विचारले, की चित्रकारांना इतका मान इथे पहिल्यापासूनच आहे काय? त्या हसल्या. म्हणाल्या, 'छे! तो वाचकांनी मिळवून दिला.' मग त्यांनी मला १९३९ सालची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कला विज्ञानकथेचे पहिले जागतिक संमेलन भरले होते. त्याला लॉस एंजलिसहून अठरा वर्षांचा एक मुलगा बसने, अख्खा देश ओलांडून गेला. त्याच्यापाशी स्वतःच्या कथांपेक्षा मोठे बाड होते ते मित्राच्या चित्रांचे. संपादक भेटेल त्याला तो ती चित्रे दाखवायचा. 'वीअर्ड टेल्स' मासिकाच्या संपादकाला ती पसंत पडली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकावर हॅनिस बॉकचे चित्र झळकले. बस प्रवास करणारा तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक रे ब्रॅडबरी.

नंतर मी या मंडळींविषयी पुष्कळ वाचले. १९५३ साली ह्यूगो पारितोषिके सुरू झाली, तेव्हा मुखपृष्ठकाराचे पहिले पारितोषिक एड एम्शविलर आणि हा हॅनिस बॉक यांना विभागून मिळाले. पण बॉक १९६४ साली दारिद्र्यातच गेला. त्याच मासिकात त्याच्याआधी १९३० नंतरच्या दशकात सर्वांत गाजलेली मुखपृष्ठे असत 'एम. ब्रंडेज' या सहीची. धीट, देखण्या, संकटात सापडलेल्या स्त्रियांची ती चित्रे कुणा रगेल पुरुषाची असणार, असा वाचकांचा समज. त्या होत्या मार्गारेट ब्रंडेज, शिकागोच्या एक गृहिणी. 'एम.' या एका अक्षरामागे अख्खी बाई झाकली गेली होती. चित्रांची स्वतंत्र, रीतसर प्रदर्शने जागतिक संमेलनात सुरू झाली ती १९६० साली पिट्सबर्गला, बीजो ट्रिंबल या एका चाहतीच्या खटपटीने. म्हणजे मी ज्या गल्ल्यांतून दोन तास हिंडलो, त्या कुणा अकादमीने नव्हे, वाचणाऱ्यांनी आखल्या होत्या.

टेबलाशी बसलेल्या बाईंनी मग मला विचारले, 'तुमच्या भाषेत आहेत का असे चित्रकार?'

झाले! माझ्या अंगात वडिलांची पेटी संचारली. मी त्यांना दिवाळी अंक म्हणजे काय ते सांगितले. दरवर्षी एकाच सणाला शेकडो वार्षिक अंक निघतात, आणि प्रत्येकाला आपले मुखपृष्ठ असते, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. दलाल सांगितले, त्यांनी १९४५ साली काढलेला 'दीपावली' सांगितला. मुळगावकर सांगितले. दोघेही मूळचे गोव्याचे, तेव्हा गोव्याचा समुद्रही सांगितला. बाई थक्क झाल्या. म्हणाल्या, 'मग तुमच्या वाचकांना मुखपृष्ठकारांची नावं तोंडपाठ असतील!'

मी छाती पुढे काढून म्हणालो, 'अर्थात!'

भाचा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

रात्री जेवणे झाली. बहिणीला भेट म्हणून मी माझे पुस्तक नेले होते, ते दिवाणखान्यात पडले होते. भाच्याने ते उचलले. त्याला मराठी बोलता येते, वाचायला वेळ लागतो. मुखपृष्ठ पाहून तो म्हणाला, 'मामा, हे चित्र एकदम मस्त आहे!'

ते आहेच मस्त. जुन्या वाड्याचा दगडी जिना वर वर जात ढगांत शिरला आहे, आणि शेवटच्या दिसणाऱ्या पायरीवर चपलांचा एक जोड काढून ठेवलेला आहे. कुणीतरी अनवाणी पुढे गेले. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कादंबऱ्यांविषयी मी नऊ लेखांत जे सांगू पाहत होतो, ते त्या चपलांनी एका जागी सांगून टाकले होते. पुस्तकावर एकच परीक्षण आले. त्यात लेखनाविषयी 'अभ्यासपूर्ण' एवढा एक शब्द होता आणि मुखपृष्ठाविषयी दोन वाक्ये. तेव्हा मला त्याचा थोडा रागही आला होता.

'कुणी काढलं?' भाच्याने विचारले आणि दिवसभराच्या सवयीने पुस्तकाचे दुसरे पान उघडले. बोट ठेवून एकेक अक्षर लावत तो खाली आला. प्रकाशक. मुद्रक. अक्षरजुळणी. मूल्य. तो पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, 'मामा, नाव नाहीये.'

मी म्हणालो, 'असेल रे, नीट बघ.' आणि पुस्तक हातात घेतले. नव्हते.

त्या पुस्तकाची तीन मुद्रिते मी स्वतः तपासली होती. त्याच पानावर 'अक्षरजुळणी'तली चुकलेली वेलांटी मी लाल शाईने दुरुस्त केली होती, हे मला स्वच्छ आठवते. एका वेलांटीची चूक मला दिसली. अख्खा माणूस गाळला गेला होता, तो दिसला नाही. यात प्रकाशकाचा दोष काढायला मी तयार नाही. त्यांनी शेवटचे मुद्रित माझ्या सहीनेच छापायला घेतले होते.

ते चित्र माझ्याच एका विद्यार्थ्याने काढले होते. आमचे कॉलेज सातारा जिल्ह्यातले, तालुक्याच्या गावचे. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचे. फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला. मुलगा आमच्या भित्तिपत्रकासाठी चित्रे काढी. मी त्याला माझे लेख वाचायला दिले, त्याने महिन्याभरात हे चित्र आणून दिले. मी पाकिटात पाचशे एक रुपये घालून दिले आणि आपण मोठे कलाप्रेमी आहोत अशा समाधानात घरी आलो.

प्रकाशन समारंभाला तो नवा शर्ट घालून आईला घेऊन आला होता. तिसऱ्या रांगेत दोघे बसले होते. पाहुण्यांचे भाषण चालू असताना मी व्यासपीठावरून पाहत होतो. त्याने पुस्तक उघडले, दुसऱ्या पानावर बोट ठेवले, बोट हळूहळू खाली नेले. मग आई त्याच्याकडे झुकून काहीतरी बोलली. त्याने पुस्तक मिटले, मुखपृष्ठ वर करून तिच्या मांडीवर ठेवले आणि तो हसला. मला वाटले, पोरगा कागदाची प्रत पाहतो आहे.

सात वर्षांनी, बाल्टिमोरजवळच्या एका घरात, भाच्याचे बोट त्याच पानावरून त्याच रीतीने खाली येताना पाहिले, तेव्हा कुठे मला ते पहिले बोट दिसले. त्या रात्री मला झोप आली नाही. सौभाग्यवतींना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, 'परत गेल्यावर आधी त्याच्याकडे जा. मग कॉलेजात.'

जूनमध्ये परत आलो आणि गेलो. त्याने आता स्टँडसमोर छपाईचे छोटे दुकान घातले आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, शाळांची प्रमाणपत्रे. काउंटरवर गर्दी होती. मला पाहताच त्याने स्टूल पुढे केले आणि चहा सांगितला. मी वाटेत जे वाक्य जुळवून नेले होते, ते काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी पुस्तक त्याच्यासमोर ठेवून दुसरे पान उघडले आणि म्हणालो, 'अरे, इथं तुझं नाव राहिलं. चूक माझी.'

तो क्षणभर पानाकडे पाहत राहिला. म्हणाला, 'सर, त्याला किती वर्षं झाली! जाऊ द्या.'

'त्या दिवशी आई काय म्हणाली होती?' मी विचारले.

तो ओशाळला. 'तिला वाचता कमी येतं, सर. पण माझं नाव ओळखती. तिनं इचारलं, कुठं हाय रं तुझं नाव? मी म्हणलं, चित्र हाय की आये, आजून काय पायजे?'

चहा आला. तो मी कसा प्यायलो ते मला ठाऊक.

मी त्याला म्हणालो, 'दिवाळी अंकात मी यावर लेख लिहिणार आहे. त्यात तुझं नाव ठळक छापतो. पाचशेच्या जागी हजारो लोक वाचतील.' मला वाटले, केवढी ही भरपाई! तो नम्रपणे पण लगेच म्हणाला, 'नको सर. तिथं माझं चित्र नसणार. जिथं चित्र हाय, तिथं नाव असावं.'

बाल्टिमोरच्या दोन तासांत जे मी शिकलो, ते त्याने एका वाक्यात सांगितले. म्हणून या लेखात त्याचे नाव नाही. यावेळी ते गाळलेले नाही, त्याच्या म्हणण्यावरून ठेवलेले नाही.

पुस्तकाच्या पाचशेपैकी दोनशे अडुसष्ट प्रती माळ्यावर गठ्ठ्यांत पडून होत्या. पुस्तके खपली नाहीत याचा मला जन्मात प्रथमच आनंद झाला. नाव तूच लिही, असे मी त्याला म्हटले, तर तो म्हणाला, 'सही चित्रावर आम्ही करायची, सर. आतलं नाव लेखकानं लिहायचं.' मग मी शाईचे पेन आणले आणि रोज रात्री वीस-पंचवीस प्रती घेऊन बसू लागलो. 'अक्षरजुळणी'च्या खाली आणि 'मूल्य'च्या वर एका ओळीपुरती जागा होती. जणू कुणी राखूनच ठेवली होती. सौभाग्यवती शेजारी बसून टीपकागदाने शाई टिपायच्या. पन्नासाव्या प्रतीपाशी अक्षर बिघडू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'आज पुरे. त्याचं नाव आहे, घाईनं लिहू नका.' बारा रात्री लागल्या.

पहिली प्रत मी त्याच्या आईला नेऊन दिली. त्यांनी हात पदराला पुसले, पुस्तक उंबऱ्याजवळ उजेडात धरले आणि दुसरे पान मी न सांगताच उघडले. शाईच्या ओळीवर बोट ठेवले. मग माझ्याकडे न पाहता आत वळून म्हणाल्या, 'सरांना गूळपाणी आण गं.'

उरलेल्या दोनशे बत्तीस प्रती महाराष्ट्रात कुठे कुठे आहेत, मला माहीत नाही. काही ग्रंथालयांत असतील, काही रद्दीत गेल्या असतील, एखादी फुटपाथवरही पोचली असेल. ढगांत शिरणारा जिना आणि चपलांचा जोड असलेले पुस्तक तुमच्यापाशी असले, तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर मला एक पत्र टाका. मी पेन घेऊन येईन.

आणि हा अंक वाचून मिटाल, तेव्हा मुखपृष्ठ वर येईलच. ते कुणाचे आहे, हे अनुक्रमणिकेच्या पानावर पाहून ठेवा. घरात एखादे पोर असेल तर त्यालाही विचारा.